भिंती सरकवणारा सुतार

घर लहान असले की मनात पहिला विचार येतो तो भिंतींचा. कोणती भिंत पाडता येईल, कोणती ठेवावीच लागेल, मुलांच्या अभ्यासाची जागा कुठे काढायची, पाहुणे आले तर कोणी कुठे निजायचे? शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी कागदावर चौकोन आखून हा हिशेब केलेला असतो. हिशेब जमत नाही, कारण कागदावर काढलेली भिंत जागची हलत नाही. झोपण्याची खोली दिवसभर रिकामी राहते आणि बसण्याची खोली रात्रभर; चौरस फुटांचे मोल मात्र चोवीस तासांचे मोजावे लागते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात १९२४ साली तीन मुलांच्या एका विधवा आईपुढे हाच प्रश्न उभा होता. तो घेऊन ती ज्या माणसाकडे गेली, त्याच्याजवळ वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. तोवर त्याने एकही संपूर्ण घर बांधलेले नव्हते. तो व्यवसायाने सुतार होता. त्या दोघांनी मिळून शहराच्या कडेला, एका रांगेच्या टोकाशी उरलेल्या जमिनीच्या छोट्याशा तुकड्यावर जे घर उभे केले, ते आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या सुताराचे नाव गेरिट थॉमस रिटवेल्ड. विसाव्या शतकातील वास्तुकलेचा इतिहास त्याच्या नावावाचून पुरा होत नाही. लहान घराकडे पाहण्याची एक निराळी दृष्टीही त्याच्या आयुष्यातून हाती लागते.

रंधा आणि कागद

रिटवेल्डचा जन्म २४ जून १८८८ रोजी उट्रेख्त येथे झाला. वडिलांचा लाकडी सामान बनवण्याचा व्यवसाय होता आणि घरातील वातावरण कर्मठ प्रोटेस्टंट वळणाचे होते. वयाच्या अकराव्या वर्षी गेरिटची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या कारखान्यात कामाला लागला. गिऱ्हाईक मागेल तसे जुन्या धाटणीचे, कोरीव, जड सामान तेथे तयार होत असे. लाकूड कसे फुगते, कसे आकसते, सांधा कुठे धरतो आणि कुठे सुटतो, हे ज्ञान त्याला पुस्तकाआधी हातांनी मिळाले.

पुढे तो उट्रेख्तमधील एका सोनाराच्या पेढीवर आरेखक म्हणून काम करू लागला. दिवसा दागिन्यांचे आराखडे काढायचे आणि संध्याकाळी वास्तुरचनेचे वर्ग, असा काही वर्षांचा क्रम होता. पी. जे. सी. क्लारहामर या वास्तुरचनाकाराकडे त्याने धडे गिरविले. १९११ साली त्याचा विवाह झाला. सहा मुलांचा संसार पुढे त्याच्या खांद्यावर आला. १९१७ मध्ये त्याने उट्रेख्तमध्येच स्वतःचा कारखाना काढला.

याच सुमारास नेदरलँड्समध्ये एक नवी कलाचळवळ आकार घेत होती. थिओ व्हान डूसबर्ग याने १९१७ मध्ये ‘डे स्टाइल’ नावाचे नियतकालिक सुरू केले. चित्रकार पिएट माँड्रियान याच चळवळीतला. सरळ रेषा, काटकोन, आणि लाल, निळा, पिवळा हे तीन मूळ रंग. सोबतीला पांढरा, काळा व करडा. एवढ्याच साधनांतून नव्या काळाची कला घडविता येईल, असा या मंडळींचा विश्वास होता. रिटवेल्ड १९१९ मध्ये या चळवळीशी जोडला गेला.

जोडला जाण्यापूर्वीच त्याने एक खुर्ची बनविली होती. बाजारात सहज मिळणाऱ्या मापाच्या लाकडी पट्ट्या आणि दोन सपाट फळ्या, एवढेच तिचे साहित्य. सांध्याच्या जागी पट्ट्या एकमेकींत खोचलेल्या नाहीत. त्या एकमेकींना लागून पुढे निघून जातात. त्यामुळे खुर्ची जागा अडवून बसल्यासारखी वाटत नाही. जागा तिच्यातून आरपार वाहते. आरंभी ती बिनरंगाची होती. १९२३च्या सुमारास तिला लाल, निळा, पिवळा व काळा रंग चढला आणि ती ‘लाल-निळी खुर्ची’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. पुढच्या घराचे बीज या खुर्चीत होते. वस्तूने जागा खाऊ नये, तिने जागा दाखवून द्यावी, हा धडा सुताराने आधी खुर्चीवर गिरविला.

रांगेच्या टोकाचा तुकडा

त्रूस श्रोडर हिचा जन्म १८८९चा, म्हणजे ती रिटवेल्डपेक्षा एका वर्षाने लहान. तिने औषधनिर्माणाचे शिक्षण घेतले होते. पती वकील, घर मोठे, उंच छतांचे आणि प्रतिष्ठेला साजेसे. त्या घरात तिचा जीव रमत नव्हता. मुलांना कसे वाढवावे याविषयीही पती-पत्नींचे विचार जुळत नव्हते. १९२१ मध्ये त्या मोठ्या घरातील एक खोली तिच्यासाठी नव्या पद्धतीने सजविण्याचे काम रिटवेल्डला मिळाले. दोघांची ओळख वाढली ती या खोलीमुळे.

१९२३ मध्ये पतीचे निधन झाले. मुलगा आणि दोन मुली यांना घेऊन कुठे व कसे राहायचे, हा निर्णय आता तिला एकटीने घ्यायचा होता. मोठे घर सोडणे ही समाजाच्या दृष्टीने पायउतार होती. तिच्या दृष्टीने मात्र ती सुटका होती. मुलांपासून निराळ्या मजल्यावर, नोकरमाणसांच्या मध्यस्थीने चालणारे आईपण तिला नको होते. मुले आपल्याजवळ असावीत, घरात चाललेले बोलणे त्यांच्या कानावर पडावे, त्यांनी ऐकावे, वाद घालावा, अशी तिची इच्छा होती. जागेची काटकसर हा या घराचा नंतरचा गुण. त्याच्या मुळाशी मुलांसोबत एकत्र राहण्याची ओढ होती.

प्रिन्स हेन्ड्रिकलान या रस्त्यावर विटांच्या पारंपरिक घरांची एक रांग होती. रांगेतल्या शेवटच्या घराची बाजूची भिंत आंधळी होती आणि तिला लागून जमिनीचा एक तुकडा पडून होता. तेथे शहर संपत असे. पलीकडे सपाट, ओलसर, हिरवी शेतजमीन क्षितिजापर्यंत पसरलेली होती. इतरांना टाकाऊ वाटावी अशी ही जागा दोघांना पसंत पडली. एक बाजू बंद असली तरी तीन बाजूंनी उजेड मिळणार होता आणि दूरवरची दृष्टी फुकट होती.

बांधकामाचा खर्च सहा ते नऊ हजार गिल्डरच्या दरम्यान झाल्याचे सांगितले जाते. त्या काळी एखाद्या साध्या जोडघराला जेवढा खर्च येई, साधारण तेवढाच. पाहणाऱ्याला हे घर काँक्रीटचे वाटते. प्रत्यक्षात पाया आणि सज्जे वगळता भिंती विटांच्याच आहेत, वर गिलावा आहे. जमिनी आणि खिडक्यांच्या चौकटी लाकडी आहेत. सर्वत्र काँक्रीट वापरणे परवडणारे नव्हते. नवे रूप आणि जुने, हाताशी असलेले साहित्य यांची सांगड सुतारानेच घालावी.

नकाशातला ‘माळा’

घराचा आराखडा ठरविताना त्रूसच्या अटी नेमक्या होत्या. प्रत्येक खोलीत पलंग एकाहून अधिक जागी मांडता यावा, प्रत्येक खोलीला पाणी आणि सांडपाण्याची सोय असावी, विजेची जोडणी असावी आणि बाहेर उघडणारे दार असावे. थोडक्यात, कोणतीही खोली वेळप्रसंगी स्वतंत्रपणे राहण्याजोगी व्हावी. त्याहून मोठी अट वरच्या मजल्याची होती. तेथे तिला कायमच्या भिंती नको होत्या.

इथे नगरपालिकेचे नियम आडवे येत होते. राहत्या खोल्यांना पक्क्या भिंती हव्यात, त्यांचे आकार ठरलेले हवेत, असा त्यांचा दंडक. यावर दोघांनी काढलेली वाट घर बांधणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. तळमजल्यावर स्वयंपाकघर, वाचनाची खोली वगैरे रीतसर, भिंतींनी विभागलेल्या खोल्या दाखविल्या. वरच्या मजल्यावर नकाशात फक्त ‘माळा’ असे लिहिले. माळ्याला खोल्यांचे नियम लागू नव्हते. परवानगी मिळाली, आणि आधुनिक वास्तुकलेतील एक अत्यंत गाजलेला मजला सरकारदरबारी माळा म्हणून जन्माला आला.

तळमजल्यावरील एक खोली नकाशात मोटारीसाठी म्हणून योजलेली होती. त्रूसकडे मोटार नव्हती. त्या खोलीत रिटवेल्डने आपली कामाची जागा थाटली आणि पुढची काही वर्षे तो तेथूनच काम करीत राहिला.

दिवसा एक, रात्री चार

वरच्या मजल्यावर मधोमध जिना आहे आणि त्याच्यावर छतातून उजेड घेणारा काचेचा झरोका. जिन्याभोवती सगळा मजला दिवसा एकसंध असतो. संध्याकाळ झाली की हलक्या फळ्या रुळांवरून सरकत पुढे येतात आणि त्या एका दालनाचे भाग पडतात. बसण्या-जेवण्याची जागा, मुलींची खोली, मुलाची खोली आणि त्रूसची स्वतःची लहानशी शयनखोली. न्हाणीघर वेगळे. सकाळी फळ्या पुन्हा मागे जातात आणि घर मोकळे होते.

हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. ते चालावे म्हणून घरातील प्रत्येक वस्तूला त्यात सामील करून घ्यावे लागले. पलंग दिवसा बैठक होतात. भिंतीला मिटणारी टेबले आहेत. स्वयंपाकघर खाली आणि जेवण्याची जागा वर, म्हणून ताटे वर पोहोचविण्यासाठी छोटा पाळणा आहे. दाराशी आलेल्या विक्रेत्याशी वरून बोलता यावे यासाठी नळी बसविलेली आहे, त्यामुळे दर वेळी खाली धावावे लागत नाही. जमिनीवरचे लाल, करडे, काळे व पांढरे पट्टे केवळ शोभेचे नाहीत; फळ्या मागे सरल्या तरी कोणता कोपरा कोणाचा, याची खूण ते पायाखाली जपून ठेवतात.

सर्वांत कौतुकाची आहे ती जेवणाच्या टेबलाजवळची कोपऱ्यातली खिडकी. घराच्या कोपऱ्यात खांब असतो, ही आपली ठाम समजूत. येथे तो नाही. काटकोनात येणाऱ्या दोन खिडक्या बाहेर उघडल्या की कोपराच नाहीसा होतो, आणि टेबलाशी बसलेला माणूस जणू उघड्यावर बसतो. घराचे क्षेत्रफळ एका इंचानेही वाढत नाही. तरी पलीकडचे शिवार घरात आल्यासारखे होते.

बाहेरून हे घर म्हणजे पांढऱ्या व करड्या पातळ पाट्यांची रचना आहे. कुठे पाटी पुढे येते आणि सज्जा होते, कुठे लाल, निळ्या किंवा पिवळ्या रंगाची बारीक पट्टी उभी-आडवी धावते. शेजारच्या विटांच्या घरांना ते चिकटलेले आहे, पण त्यांच्याशी एका शब्दानेही बोलत नाही. रिटवेल्डच्या खुर्चीतील पट्ट्यांसारखी ही घरातली पाटी दुसरीला स्पर्श करून पुढे निघून जाते. खुर्चीच मोठी होऊन राहण्याजोगी झाली, असे या घराविषयी म्हणता येईल.

मोकळेपणाची किंमत

अशा घरात राहणे सोपे नसते, हेही नोंदवले पाहिजे. सरकत्या फळीला पक्क्या भिंतीची जाडी नसते. पलीकडचा आवाज अलीकडे येतोच. घर रोज मांडावे लागते आणि रोज आवरावे लागते. पसारा लपवायला कोपरा नाही. मोठी होत चाललेली मुले आणि आई यांना एका मजल्यावर, एकमेकांच्या नजरेत राहण्याची सवय करून घ्यावी लागते. लहान घराची ही अदृश्य किंमत असते आणि ती पैशांत मोजता येत नाही. त्रूसने ती जाणूनबुजून मोजली. १९२५च्या प्रारंभी राहायला आलेली ती १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षे, त्याच घरात राहिली. मुले पांगली, गरजा बदलल्या, घरात वेळोवेळी फेरफार झाले, तरी तिने ते सोडले नाही. धाकटी मुलगी हान पुढे स्वतः वास्तुरचनाकार झाली.

या घराच्या श्रेयाचा प्रश्नही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आरंभीच्या काळात काही कामांवर श्रोडर आणि रिटवेल्ड अशी दोघांची नावे लागत. पुढे इतिहासाच्या पुस्तकांत तिचे स्थान घराची मालकीण एवढ्यापुरते आक्रसले. भिंती नकोत हा आग्रह तिचा होता, कसे राहायचे याची कल्पना तिची होती, आणि तिला आकार देणारा हात रिटवेल्डचा होता. अलीकडच्या अभ्यासकांनी हे सहकर्तृत्व पुन्हा ठळकपणे मांडले आहे. दोघांचे नाते कामापुरते राहिले नाही, हेही आता सर्वश्रुत आहे. रिटवेल्डची पत्नी आणि सहा मुले त्याच शहरात राहत होती. १९३६ मध्ये त्याने उट्रेख्तमधील एका चित्रपटगृहाची रचना केली आणि त्याच इमारतीत वरच्या बाजूला आपल्या कुटुंबाचे बिऱ्हाड हलविले. नव्या राहणीचा पुरस्कर्ता असलेल्या या माणसाच्या स्वतःच्या संसाराची घडी काही सरळ रेषेत बसलेली नव्हती.

एका घराकडून अनेक घरांकडे

श्रोडर घराने रिटवेल्डचे नाव झाले, परंतु त्याचे समाधान झाले नाही. एका सुजाण मालकिणीसाठी एक सुंदर घर बांधणे वेगळे आणि सामान्य कुटुंबांना परवडतील अशी अनेक घरे बांधणे वेगळे. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील ला सारा येथे आधुनिक वास्तुरचनाकारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत तो होता. या मंडळींपुढचा ज्वलंत प्रश्न होता तो कमीत कमी जागेत माणसासारखे जगता येईल अशा घराचा.

रिटवेल्डने आपल्या परीने त्याची उत्तरे शोधली. १९२७-२८ मध्ये त्याने उट्रेख्तमध्ये मोटारखाना आणि चालकाचे घर अशी एक छोटी इमारत बांधली. तिच्यासाठी आधी तयार केलेल्या काँक्रीटच्या फळ्या वापरून पाहिल्या. त्यानंतर ‘गाभ्याचे घर’ ही कल्पना त्याने मांडली. घरातील खर्चिक आणि किचकट भाग म्हणजे जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि सगळे नळ. तेवढा गाभा कारखान्यात तयार करून जागेवर आणून बसवायचा आणि त्याच्याभोवती राहत्या खोल्या गरजेप्रमाणे उभ्या करायच्या. ही कल्पना त्या काळी मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात येऊ शकली नाही.

१९३१ मध्ये श्रोडर घरासमोरच, इरॅस्मसलान या रस्त्यावर, त्याने चार घरांची एक रांग बांधली. या कामातही त्रूसचा वाटा होता. श्रोडर घर रांगेच्या टोकाला फटकून उभे राहिले होते. येथे रिटवेल्डने रांगच नव्याने रचली. सलग रुंद खिडक्या, पांढऱ्या भिंती आणि आत सरकवता येणारे पडदे-दारे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना शहरातील नमुनेदार वसाहतीतही त्याची चार जोडघरे उभी राहिली. मंदीच्या वर्षांत, १९३४ च्या सुमारास, त्याने खोक्यांच्या साध्या लाकडापासून सामान तयार केले. सुटे भाग घरी न्यावेत आणि आपले आपण जोडावेत अशी ती योजना होती. सुट्या भागांचे सामान आज घराघरांत दिसते. त्या काळी प्रतिष्ठित सुताराने खोक्याच्या लाकडाला हात लावणे हेच धाडस होते.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेले. कलावंतांनी सक्तीने नोंदणी करावी अशी संस्था नाझी सत्तेने उभी केली होती. रिटवेल्डने तिचे सदस्यत्व नाकारले आणि त्यामुळे उघडपणे काम करण्याचा हक्क गमावला. युद्धानंतर देशात घरांची भीषण टंचाई होती. लहान घराचा ध्यास घेतलेल्या या माणसाला अशा वेळी मोठे काम तत्काळ मिळायला हवे होते. तसे झाले नाही. सामान्यांसाठी मोठ्या संख्येने घरे बांधण्याची संधी त्याला मिळाली ती पन्नाशीच्या दशकात, उट्रेख्तच्या होओग्रावेन भागात. तोवर त्याने वयाची पासष्टी ओलांडली होती.

उतारवयात मान्यता मात्र भरभरून आली. व्हेनिसमधील कलाप्रदर्शनासाठी नेदरलँड्सचे दालन त्याने १९५४ मध्ये उभारले. अॅमस्टरडॅममधील व्हान गॉग संग्रहालयाचा आराखडा त्याच्याकडे सोपविण्यात आला. ती इमारत त्याच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये पूर्ण झाली. अकराव्या वर्षी शाळा सोडलेल्या या सुताराला १९६४ मध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

हिरवळ गेली, घर राहिले

पत्नीच्या १९५७ मधील निधनानंतर रिटवेल्ड श्रोडर घरात राहायला आला. ज्या घराचा तो निर्माता होता, त्याचा रहिवासी तो तीन दशकांनंतर झाला. तोवर भोवतालचे शहर बदलत चालले होते. साठीच्या दशकाच्या आरंभी घरासमोरून उंच बांधावरचा वाहतुकीचा मोठा रस्ता गेला. ज्या मोकळ्या शिवारासाठी कोपऱ्यातला खांब काढून टाकला होता, त्याच्या जागी आता धावती वाहने दिसू लागली. लहान घराने आपली सारी श्रीमंती खिडकीबाहेर गुंतवली होती आणि खिडकीबाहेरच्या जागेवर घरमालकाचा हक्क नसतो. शहरात छोट्या जागेवर घर बांधणाऱ्या कुणालाही चुकत नाही असा हा धोका. समोरचा भूखंड मोकळा राहील, हे गृहीत धरून कोणतेही घर कायमचे सुंदर राहत नाही.

२५ जून १९६४ रोजी, वयाची शहात्तर वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रिटवेल्डचे निधन झाले. घराच्या जतनासाठी १९७० मध्ये न्यास स्थापन झाला. रिटवेल्डचा सहकारी बेर्टुस मुल्डर याने आधी बाहेरचा भाग आणि त्रूसच्या मृत्यूनंतर आतला भाग मूळ स्वरूपात आणला. १९८७ मध्ये हे घर पाहण्यासाठी खुले झाले आणि २००० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. आता तेथे येणाऱ्यांना मार्गदर्शक फळ्या सरकवून दाखवतात. काही क्षणांत चार खोल्यांचे एक दालन होते आणि पाहणारे थक्क होतात.

हे प्रात्यक्षिक पाहताना एक गोष्ट निसटून जाण्याचा संभव आहे. रिटवेल्डने सरकत्या फळ्या बनविल्या त्या चमत्कार म्हणून नव्हेत. घरातील माणसे दिवसभरात कशी वावरतात, केव्हा एकत्र येतात, केव्हा त्यांना एकांत हवा असतो, याचा विचार त्रूसने आधी केला. फळ्या त्यामागून आल्या. आज लहान घरांसाठी मिटणारे पलंग, सरकती दारे आणि उघड-मीट करणारी टेबले बाजारात मिळतात. ती विकत घेण्यापूर्वी आपल्या घरातल्या चोवीस तासांचा हिशेब मांडावा, हा या सुताराच्या आणि त्याच्या सहकर्तीच्या आयुष्यातून मिळणारा व्यवहारी धडा आहे. जागा मोजताना आपण लांबी आणि रुंदी धरतो. उट्रेख्तच्या त्या माळ्यावर तिसरे माप धरले गेले, आणि ते होते वेळेचे.